ले-आउटवर रात्रीचा ड्रोन हवा की नको?

गच्चीवरची: नागपुरात मनीषनगरच्या आमच्या ले-आउटमध्ये उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन घरं फुटली. म्हणून रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं, की खाजगी एजन्सीचा ड्रोन रात्री ११ ते ४ फिरवायचा, वर्गणी सगळ्यांकडून. माझा ठाम विरोध आहे. मे महिन्यात लाइट गेली की कूलर बंद पडतो. मग आम्ही गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकतो. परवा त्यांचा डेमो होता. सासूबाई केस मोकळे सोडून पडल्या होत्या. तो भुणभुणत आला आणि लाल-हिरवा दिवा लुकलुकवत बरोबर डोक्यावर थांबला. त्या दचकून उठल्या, पदर सावरत खाली गेल्या अन् भट्टीसारख्या खोलीत झोपल्या. तेव्हापासून गच्चीवर येतच नाहीत. चित्रण कुठे आहे विचारलं, तर म्हणे ऑपरेटरच्या मोबाइलमध्ये!

प्लॉट_१७: ताई, फुटलेल्या तीन घरांतलं एक माझं. चोर बाजूच्या अर्धवट बांधकामावरून गच्चीत उतरला, जिन्याच्या दाराची कडी उचकटली. आईच्या पाटल्या गेल्या. आपले चारही सीसीटीव्ही रस्त्याकडे तोंड करून आहेत, वरून येणारा त्यांना दिसणार कसा? आणि गच्ची उघडीच असते, समोरच्या तीन मजली घरातून रोज दिसते.

गच्चीवरची: पाटल्यांचं ऐकून जीव तुटला, दादा. पण समोरच्या काकू बघतात तेव्हा मीही त्यांना बघते. ड्रोनच्या मागे कोण बसलंय, हे मला कसं कळणार?

लग्नाचं_शूटिंग: मी ड्रोन उडवतो म्हणून सांगतो. २०२१च्या ड्रोन नियमांत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही ग्रीन झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायची मोकळीक, २०० फुटांपर्यंतच आहे. सोनेगावचं विमानतळ तर आपल्याला त्याहून कितीतरी जवळ. परवानगीचा कागद आधी मागा. साध्या ड्रोनची बॅटरी अर्धा तास जेमतेम टिकते, पाच तासांची गस्त कशी होणार? साध्या कॅमेऱ्याला अंधारात फारसं दिसत नाही. थर्मल, म्हणजे उष्णता टिपणारा कॅमेरा, लावला तर माणूस कळतो, चेहरा नाही.

प्लॉट_१७: चेहरा नाही दिसला तरी चालेल, गच्चीवर कोणी चढतंय एवढं कळलं तरी वॉचमन धावेल. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, तिथे वरून नजर ठेवायला आपली हरकत नसते. मग इथेच का?

वकील_काका: बेटा, तिथे गर्दी कुठे दाटते ते बघायचं असतं, तेही मोकळ्या मैदानावर. इथे कोणाच्या अंथरुणावर कॅमेरा थांबतोय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. तो मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो हे खरं. म्हणून पोलिसांनाही कायद्याचा आधार लागतो, आणि गरजेपुरतंच बघता येतं. एका एजन्सीला आपण मीटिंगमध्ये हात वर करून त्याहून मोठी सूट कशी देणार? माझं मत विरोधातच.

प्लॉट_१७: मग चोर आला की काय करायचं, तेही सांगा काका. आई अजून रात्री दोनदा उठून कडी बघते.

वकील_काका: त्या अर्धवट बांधकामाच्या मालकाला नोटीस मी देतो, फी नको. गच्चीच्या दाराला लोखंडी जाळी आणि जिन्यात सेन्सरचा दिवा वर्गणीतून बसवू.

प्लॉट_१७: जाळी पाहिजेच. पण ड्रोन मी सोडत नाही, रिकाम्या प्लॉटवर तरी फिरवू द्या.

गच्चीवरची: रविवारी मीटिंगला मी येतेय. ऑपरेटरलाही बोलवा, त्याचा तो मोबाइल घेऊन.