कोरोना महामारीत सहलीचे बेत किती वेळा बदललेत? (अनुभव धागा)

उशीवरचा_ढग
आज पहाटे चारला फोन ठणाणा वाजला. "बॅगा खाली आण. आईच्या गोळ्या. पासपोर्ट ६." मार्च २०२० साठी लावलेला रिमाइंडर, तेव्हा घाईत 'दरवर्षी'वर टिक झालेली आणि मी तो अजून काढलेलाच नाही. नवरा कूस न बदलता म्हणाला, "निघायचं का?" मग झोप कसली लागतेय.
आम्ही सहा जण, मी, नवरा, दोन पोरं आणि माझे आईबाबा. बाबांची पंच्याहत्तरी म्हणून २१ मार्चला निघायचं होतं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महामारी जाहीर केली तेव्हा बॅगा अर्ध्या भरून झाल्या होत्या. बाबांचं एकच, "काही होत नाही गं". आई गप्प. शेवटी १७ तारखेला रात्री मीच तिकिटं रद्द केली आणि तिथंच फसले, कारण दोन दिवसांनी विमान कंपनीने ती फ्लाइटच रद्द केली. दोन दिवस दम धरला असता तर पूर्ण पैसे मागता आले असते, आपण रद्द केलं म्हणून हातात नुसतं व्हाउचर, तेही वर्षाच्या मुदतीचं. मग ऑक्टोबर, मग पुढचा मे, मग बाबाच म्हणाले आता एवढं बसवत नाही. शेवटी गाडीने दोन तासांवर जाऊन आलो. त्यांची बॅग अजून माळ्यावर आहे, चेन अडकलीये, ओढून तुटेल म्हणून कोणी हात लावत नाही.
तुम्ही काय काय केलंत? लिहा.

दोन_बॅगा
तारखा चार वेळा बदलल्या. विमा होता म्हणून निवांत होतो, पण तो काढला फेब्रुवारीच्या शेवटी. क्लेम केल्यावर उत्तर आलं की साथ ही 'आधीच माहीत असलेली घटना' आहे. माहीत होती म्हणूनच काढला ना विमा बाबांनो!!

वाफाळ
पहाटे चारचा गजर पाच वर्षांहून जास्त?? आधी तो बंद कर बाई

उशीवरचा_ढग
@वाफाळ वर्षातून एकदाच वाजतो गं, राहू दे

सासूची_लाडकी
आमची क्रूझ होती एप्रिलची. फेब्रुवारीत टीव्हीवर ते योकोहामाला अडकवून ठेवलेलं डायमंड प्रिन्सेस जहाज दाखवत होते, तीन हजार सातशेच्या आसपास माणसं आत आणि रोज बाधितांचा आकडा वाढतोय. सासूबाईंनी दोन दिवस बातम्या बघितल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून सांगितलं, मी पाण्यावर कैदेत बसणार नाही. आम्ही हसलो. त्यांनी स्वतः फोन करून पाचही जणांचं बुकिंग रद्द केलं, तेव्हा गर्दी नव्हती त्यामुळे पैसे पण परत आले, थोडे कापून. मार्चमध्ये तोच फोन तासतास लागत नव्हता म्हणे. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही बुकिंग त्यांना विचारल्याशिवाय होत नाही, आणि त्या पण विसरू देत नाहीत.

गणिताचा_तास
७२ तासांचं कोडं कोणाकोणाला आठवतंय? टेस्ट ७२ तासांच्या आतली हवी, पण ते मोजायचे स्वॅब दिल्यापासून की रिपोर्टवरच्या वेळेपासून, आणि कुठपर्यंत, विमानात बसेपर्यंत की उतरेपर्यंत? प्रत्येक देशाचं वेगळं. आमचं मध्ये एक विमान बदलायचं होतं, त्या देशाचा नियम तिसराच. ह्यांनी एक्सेल शीट केली, तासांचे रंगीत चौकोन. मोठ्यांचे दोन डोस झालेले, दुसऱ्याला १४ दिवस उलटलेले, पण मुलांना तेव्हा लस नव्हती म्हणजे त्यांचे नियम आणखी वेगळे. सगळं जमवलं, ४ डिसेंबर २०२१ ची तिकिटं. २६ नोव्हेंबरला विषाणूच्या त्या नव्या प्रकाराचं नाव ओमिक्रॉन ठेवलं आणि आठवडाभरात शीट केराच्या टोपलीत. ह्यांना ट्रिप गेल्याचं काही नाही, शीट वाया गेली म्हणून दोन दिवस फुगून होते.

कधीतरी_नक्की
@गणिताचा_तास आमच्या रिपोर्टवर आडनावातलं एक अक्षर कमी होतं 😭 काउंटरवरून परत. पुढचं लिहीत नाही, अजून घरात भांडण होतं त्यावरून

फोनमधली_आजी
आमचा सहलीचा नव्हे, लेकीकडे जायचा बेत. नात एप्रिल २०२० मध्ये झाली, बाळंतपणाला मी पोचणार होते. सीमाच बंद झाल्या. नंतर उघडल्या तर उतरल्यावर १४ दिवस हॉटेलात, एकटीने, ह्यांना बरं नसताना ते शक्य नव्हतं. गेले तेव्हा नात २२ महिन्यांची. दारात उभी राहून माझ्याकडे खालून वर बघत बसली. मला वाटलं घाबरली. लेक म्हणाली अगं तिने तुला फक्त खांद्यापर्यंत बघितलंय, पाय आहेत म्हणून आश्चर्य वाटतंय तिला.

सासूची_लाडकी
@फोनमधली_आजी काकू 😂❤️ डोळ्यात पाणी आणलंत

वाफाळ
पायांवरून आठवलं माझे गुडघे सध्या फार दुखतायत, कोणी व्यायाम करून बरं वाटलंय का

दोन_बॅगा
@वाफाळ त्याचा वेगळा धागा काढ ना

अकरा_जणांचा_ग्रुप
चार घरं, अकरा माणसं. ग्रुपचं नाव आधी 'ट्रिप मे २०२०', मग 'ट्रिप डिसेंबर', मग 'ट्रिप २०२१', आता 'ट्रिप कधीतरी' आणि त्यावर फक्त कोणाचा सिलिंडर संपला, कोणाचा दात काढला एवढंच येतं. एकदा अगदी जमलं होतं. हॉटेल नको, वेगळं घर भाड्याने घेऊ, सगळ्यांनी आधी दहा दिवस घरात बसायचं असं ठरलं. आठव्या दिवशी व्हिडिओ कॉलवर भाचा शिंकला. एकदाच! लगेच मतदान. सहा विरुद्ध पाच, रद्द. विरोधातलं सहावं मत भाच्याच्या आईचं, ती म्हणे उद्या काही झालं तर सगळे माझ्याच पोराकडे बोट दाखवणार. तिचंही बरोबरच म्हणा, पण मोठा दीर अजून तिच्याशी बेताचंच बोलतो.

रिकामी_खिडकी
आमचा मुलगा त्या देशाची भाषा ॲपवर शिकायला लागला होता, रोज पंधरा मिनिटं, ट्रिपची तयारी म्हणून. ट्रिप रद्द झाली हे त्याला सांगितलं पण त्याने ॲप सोडलं नाही, स्ट्रीक (रोज न चुकता केल्याची साखळी) तुटेल म्हणून. आता फडाफडा बोलतो. गेलो मात्र अजून नाही, मध्यंतरी त्याच्या पासपोर्टची मुदत संपली, नवा काढायला गेलो तर जुन्यावरच्या फोटोत दात नसलेलं बाळ 🤣

कधीतरी_नक्की
पासपोर्ट संपायला सहा महिन्यांहून कमी उरले असतील तर बरेच देश घेत नाहीत हो, तारीख बघून ठेवा सगळ्यांनी

दोन_बॅगा
@उशीवरचा_ढग त्या व्हाउचरचं काय झालं शेवटी?

उशीवरचा_ढग
@दोन_बॅगा एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा नाही. आणि ज्याच्या नावाचं त्यालाच वापरता येणार, त्यामुळे आईबाबांची दोन तशीच गेली. पोरांची वापरली पुढच्या वर्षी.
आत्ता वाचता वाचता स्टूल घेऊन बाबांची बॅग खाली काढली. चेन हलत नाहीये.

गणिताचा_तास
ओढू नकोस. मेणबत्ती घास दोन्ही बाजूंनी

उशीवरचा_ढग
मेणबत्ती सापडत नाहीये. साबण चालेल का

फोनमधली_आजी
चालतो. कोरडा घे मात्र.