विंचू आधी खरा असतो

काही जण म्हणतात की कथा-कवितेत प्रतीकं वाचकच घुसडतो, लेखकाच्या मनात तसलं काही नसतं. मला हे पटत नाही. आमच्या पैठणच्या एकनाथांचं विंचवाचं भारूड घ्या. 'काम क्रोध विंचू चावला' म्हणत नाथ सुरुवातीलाच किल्ली हातात देतात, पुढं उताराही सांगतात, सत्त्वगुणाचा. पण तो विंचू आधी खरा विंचू आहे. सरपण काढताना ज्याला नांगी लागलीय, रात्रभर जो घामाघूम होऊन तळमळलाय, त्याला 'तम घाम अंगासी आला' समजावून सांगावं लागत नाही. (माझी आजी हे भारूड ऐकताना नकळत पाय वर घ्यायची.)

म्हणून मी वस्तू आधी वस्तू म्हणूनच वाचतो. ती पुन्हा आली, आणि दरवेळी थोडी बदलून आली, की थांबतो. कथेत सुरुवातीला भरलेला आड, मध्ये तळ दिसणारा आणि शेवटी बुजवलेला असेल, तर तो नुसता आड उरत नाही. एकदाच आलेल्या आडाला मात्र आडच राहू द्यावं. आमच्याकडं गावोगावी आड असतोच.