मदत हवी आहे: 'होल व्हीट' पाव खाऊनही खाल्ल्यानंतरची साखर चढतेच. चुकतंय कुठे?

टाइप 2 मधुमेह आहे, औषध फक्त मेटफॉर्मिन. न्याहारीला पांढरा पाव बंद करून होल व्हीट पाव सुरू केला. उपाशीपोटी साधारण 118 असते. पहिल्या घासापासून मोजून एका तासाने 196, दोन तासांनी 171. पांढऱ्या पावावर हेच आकडे 203 आणि 174 होते. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. वर अडीच तासांत पुन्हा भूक लागते. अख्ख्या धान्याने साखर हळू चढते म्हणतात, मग इथे काय बिघडतंय? आणि पावाऐवजी ओट्स घेतले तर फरक पडेल का?

प्रतिसाद १

बिघडलेलं काही नाही, पाव पावासारखाच वागतोय. 'अख्खं धान्य' म्हणजे कोंडा, अंकुर आणि पिठाळ गर हे तिन्ही भाग मूळ प्रमाणात असणं. दाणा अख्खा असणं ही वेगळी गोष्ट, आणि साखरेला दुसरीचीच जास्त फिकीर असते.

दाण्यात स्टार्च पेशींच्या भिंतींआड बंद असतं. बारीक दळलं की भिंती फुटतात, भाजताना स्टार्च पाणी पिऊन फुगतं, आणि स्टार्च तोडणाऱ्या अमायलेज या पाचक एन्झाइमला सगळं उघडं मिळतं. कोंडा परत मिसळला तरी फुटलेल्या भिंती जुळत नाहीत. हीटन आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये गव्हाचा अख्खा दाणा, भरड, जाडं पीठ आणि बारीक पीठ ताडून पाहिलं. कण जितका बारीक, तितकं खाल्ल्यानंतर रक्तात येणारं इन्शुलिन जास्त.

2008 च्या आंतरराष्ट्रीय तक्त्यातले ग्लायसेमिक इंडेक्सचे, म्हणजे पदार्थाने साखर किती चढते याच्या निर्देशांकाचे, सरासरी आकडे बघा (ग्लुकोज = 100): पांढरा पाव 75, होल व्हीट पाव 74, पांढरा भात 73, ब्राऊन राइस 68, शिजवलेले जव 28. तुमच्या मीटरने हेच सांगितलंय.

घरी बघायचं तर पावाचा तुकडा पाण्यात बुडवून चिमटीत चोळा, लगेच लगदा होतो. शिजलेला जव दाबा. साल ताणली जाते, गर चिकट लागतो, पण बोटाला दाणा जाणवतच राहतो. पोटातही त्याला वेळ लागतो तो याच कारणाने.

म्हणून होल व्हीट पाव फेकून द्या असं मात्र नाही. तंतू, मॅग्नेशियम, ब जीवनसत्त्वं त्यात जास्त आहेत, आणि नियमित अख्खं धान्य खाणाऱ्यांत मधुमेह व हृदयविकार कमी आढळतो. फक्त एका तासाचा आकडा खाली आणणं हे त्याचं काम नव्हे.

प्रतिसाद २

ओट्सबद्दल: ते कोणते, यावर सगळं आहे. त्याच तक्त्यात जाड पोह्यांच्या (म्हणजे दाणा चपटा केलेल्या) ओट्सची लापशी 55, इन्स्टंटची 79. इन्स्टंटचे पोहे पातळ, तुकडे झालेले आणि आधीच शिजवलेले असतात. चिरलेला दाणा मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड पोहे घ्या.

ओट्स आणि जवात बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू असतो. तो पोटातलं मिश्रण दाट करतो, त्यामुळे पोट हळू रिकामं होतं. गव्हाचा तंतू बहुतेक न विरघळणारा. पोट साफ व्हायला चांगला, पण दाटपणा देत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा यंत्रणेने 'खाल्ल्यानंतर साखर कमी चढते' या दाव्यासाठी पचणाऱ्या दर 30 ग्रॅम कर्बांमागे (कर्बोदकांमागे) 4 ग्रॅम बीटा-ग्लुकनची अट ठेवली आहे. 50 ग्रॅम कोरड्या ओट्समध्ये पचणारे कर्ब सुमारे 28 ग्रॅम आणि बीटा-ग्लुकन जेमतेम 2 ग्रॅम. म्हणजे नुसत्या वाटीभर ओट्सकडून चमत्काराची अपेक्षा नको. 35 ग्रॅम ओट्स आणि 20 ग्रॅम ओट ब्रॅन (ओट्सचा कोंडा) असं केलंत तर प्रमाण सुधारतं.

भुकेचं गणित याहून गुंतागुंतीचं आहे. दाटपणा, घासाचं आकारमान, चावायला लागणारा वेळ यांनी पोट भरल्यासारखं वाटतं. पण नुसत्या पाव-चहाच्या न्याहारीत प्रथिनंच नसतील तर कुठलंही धान्य चार तास धरणार नाही. 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जोडा, आणि शक्य असेल तर तीच आधी खा, धान्य शेवटी. निव्वळ क्रम बदलूनही तासाभराचा आकडा उतरतो.

प्रतिसाद ३

आकडे ताडण्याआधी मोजणी पक्की करा. 203 आणि 196 हा फरकच नव्हे. मीटरच्या मानकानुसार (आयएसओ 15197, 2013) 100 च्या वर ±15 टक्के चूक चालते, म्हणजे 200 ला 30 पर्यंत इकडे-तिकडे.

तुलना करायची तर कर्ब सारखे ठेवा, स्लाइसची संख्या नव्हे. पांढरा पाव 60 ग्रॅम, होल व्हीट पाव 75, कोरडे ओट्स किंवा जव 50 ग्रॅम, सगळ्यांत पचणारे कर्ब साधारण 28 ग्रॅम येतात. प्रत्येक पदार्थ तीन वेगवेगळ्या दिवशी, त्याच वेळी, सोबतचं सगळं तेच. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर आकडा भलताच येतो. मोजणी खाण्याआधी, मग 60 आणि 120 मिनिटांनी. रात्रीचं जेवणही त्या दिवसांत सारखं ठेवा. आदल्या रात्री जव खाल्ले तर आतड्यातल्या आंबण्यामुळे सकाळची साखरही कमी चढू शकते, आणि श्रेय भलत्याच पदार्थाला जातं.

धागाकर्ता

समजलं. जव करून बघायचे आहेत. किती शिजवायचे? आणि पाकिटावर नेमकं काय बघू?

प्रतिसाद १

आठ तास भिजवा, ते पाणी काढा, तिप्पट पाण्यात मंद आचेवर 40 ते 50 मिनिटं. दाणा चावताना किंचित विरोध करायला हवा. गळेपर्यंत शिजवून घोटलेत तर मेहनत पाण्यात. सालं काढून घासलेले जव मिळाले तरी चालतील, कारण जवात बीटा-ग्लुकन गरभर पसरलेलं असतं, नुसत्या सालीत नाही.

पाकिटावर रंग बघू नका, तो माल्ट किंवा कॅरॅमलचाही असतो. घटकांत पहिलं नाव अख्ख्या धान्याचं हवं आणि दर 10 ग्रॅम कर्बांमागे निदान 1 ग्रॅम तंतू. मात्र या कसोटीला बारीक पिठाचा पावही उतरतो, म्हणून पावात अख्खे किंवा चिरलेले दाणे डोळ्यांना दिसतात का तेही बघा.

प्रतिसाद ३

जवाची सुरुवात 25 ग्रॅमने करा, दोन आठवड्यांत 50 वर या, पाणी वाढवा. एकदम घेतलं तर गॅस होतो आणि लोक तिथेच सोडून देतात. गहू, जव आणि राय यांत ग्लुटेन असतं, सिलिअ‍ॅक (ग्लुटेनने आतड्याला इजा होणारा आजार) असेल तर तिन्ही बाद. हा धागा वाचणाऱ्यांत कुणी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी (शरीराला जास्त इन्शुलिन सोडायला लावणारी) गोळी घेत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. धान्य हळू पचतं, औषध आपल्या वेळेला काम करतं, आणि मधल्या तासात साखर 70 च्या खाली जाऊ शकते.