‘ट्रायपॉड’ला मराठीत काय म्हणावं?

एच. जी. वेल्स यांच्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’मधला एक उतारा मराठीत करताना परवा ‘ट्रायपॉड’पाशी अडले. मंगळावरून आलेलं, घरांहून उंच, झाडं तुडवत चालणारं तीन पायांचं युद्धयंत्र. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडला आपण ‘स्टँड’ म्हणून मोकळे होतो. इथे ते भागणार नाही.

आधी सुचली ‘तिवई’. आमच्या देवघरातली पितळी तिवई आईने तुळशीबागेतून आणलेली. वर गोल कडं, त्यात अभिषेकपात्र बसतं, खाली तीन पाय बाहेर फाकलेले. जुन्या शहाबादी फरशीवर चौरंग डुगडुगतो, तिवई नाही. न हलणं हाच तिचा गुण, आणि नेमका तोच इथे नको आहे. ‘तिपाई’ तर आणखी फसवी. हाच शब्द इंग्रजीत जाऊन ‘टीपॉय’ झाला, त्याला चहा चिकटला, आणि आता आपल्या दिवाणखान्यात तो चार पायांवर उभा असतो!

वेल्सनाही हा ताठपणा खुपत होता. १८९७ मध्ये कथा मासिकातून क्रमशः आली, तेव्हा चित्रं वॉरविक गोबल यांची होती. १८९८ च्या पुस्तकात निवेदक एका चित्रकाराच्या ताठ, कललेल्या तिपायांबद्दल चक्क तक्रार करतो. १९०६ च्या बेल्जियन आवृत्तीत आल्विम कोरेआ यांनी लांबसडक, लवणारे पाय आणि डोळे वटारलेलं डोकं काढलं, तेव्हा कुठे त्या यंत्रात जीव आला. १९५३ च्या चित्रपटात तर पाय जवळजवळ दिसतच नाहीत. यंत्रं तांब्याच्या रंगाची, पाकट माशासारखी चपटी, वर नागासारखी मान; ती अदृश्य चुंबकी पायांवर उभी आहेत, असं एक पात्र सांगतं. त्यांना तिवई कोण म्हणेल?

म्हणून मी ‘त्रिपाद’ लिहिलं. ‘चतुष्पाद’ म्हटलं की डोळ्यांपुढे जनावर येतं, टेबल नाही. तेच वळण इथे हवं. पण जीव मुठीत धरून पळणारा माणूस ‘त्रिपाद आला’ असं ओरडणार नाही. माझा आठ वर्षांचा भाचा चित्र बघून म्हणाला, “मावशी, हा तिटांग्या कुठे चाललाय?” संवादांत मी तोच शब्द घेतला आहे.

तिवई मात्र टाकून दिलेली नाही. वेल्स त्या चालीला धार काढायच्या तीनपायी स्टुलाची उपमा देतात: ते तिरकं होऊन जमिनीवरून जोरात भिरकावलं जावं तसं. आपल्याकडे धार काढणारा उकिडवा बसतो, चरवी गुडघ्यांत धरतो. ते स्टूल कुणी पाहिलेलंच नसतं. तिथे ‘कलंडून घरंगळत सुटलेली तिवई’ चपखल बसली.

कोकणात, विदर्भात, मराठवाड्यात तीन पायांच्या चालत्या वस्तूला किंवा प्राण्याला, अगदी गोष्टीतल्या राक्षसाला का होईना, काही खास शब्द आहे का?