‘कोरम सेन्सिंग’ला मराठीत काय म्हणावे?

मांडवी : कोळंबी-संवर्धकांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करीत आहे. कोळंबीच्या पिल्लांना ग्रासणारा व्हिब्रिओ हार्वेयी हा जिवाणू विरळ असताना अंधारात असतो. मात्र दाटी वाढून पेशींनी सोडलेले संदेश-रेणू पुरेसे साचले की सगळ्या पेशी एकदम प्रकाशू लागतात. याला मी ‘गणपूर्ती-संवेदन’ म्हटले, तर तपासनिसांनी ‘ही काय पंचायतीची सभा आहे?’ असा शेरा मारून शब्द खोडला.

फोंडेकर : ताई, शब्द मुळीच बदलू नका. 1970 च्या सुमारास या प्रक्रियेला ‘ऑटोइंडक्शन’ म्हणत. 1994 साली फुका, विनान्स आणि ग्रीनबर्ग या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी ‘कोरम’ वापरला, तो सभेवरूनच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘ज्यांच्यापैकी’. घटनेच्या अनुच्छेद 189 प्रमाणे आपल्या गोव्याच्या चाळीस आमदारांच्या विधानसभेत दहा जण हजर असले की गणपूर्ती होते. इतका नेमका शब्द हाताशी असताना उसनवारी कशाला?

खारजमीन : नेमका? आमदारांची डोकी मोजता येतात, जिवाणू कोणाला मोजत नाही. त्याला कळते ते केवळ रेणूंचे प्रमाण. बंद खोलीतली एक उदबत्ती अंगणातल्या दहांपेक्षा अधिक जाणवते, तसेच कोंडलेल्या जागी थोडक्या पेशीही उंबरठा गाठतात आणि वाहत्या पाण्यात पुष्कळ असूनही गाठत नाहीत. सोडलेला रेणू किती लवकर पांगतो, हेच पेशी अजमावीत असावी, असे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझमेरी रेडफिल्ड यांनी 2002 मध्ये मांडले होते. म्हणजे मूळ इंग्रजी नावच वादग्रस्त. आपण त्याचे संस्कृतीकरण करून वाद पक्का करीत आहोत. मी ‘दाटीभान’ सुचवतो.

जांभा : ‘दाटीभान’ ऐकून बाजारातली गर्दी आठवली! ग्रामसभेत ‘गणपूर्ती’ कोणी म्हणत नाही, ‘कोरम भरला नाही’ असेच म्हणतात. शिवाय पटकीचा जिवाणू पाहा : आतड्यात दाटी झाली की तो रोगकारक जनुके बंद करतो आणि जैवपटल (पृष्ठभागाला चिकटलेला जिवाणूंचा थर) सोडून निघतो. येथे कोरम भरल्यावर सभा उठते.

फोंडेकर : सभेने उठण्याचा ठराव केला, तरी त्यालाही गणपूर्ती लागतेच.

मांडवी : सर, माझी खरी अडचण पुढच्या परिच्छेदात आहे. जिवाणूंना न मारता त्यांचे संदेश-रेणूच तोडायचे, म्हणजे प्रतिजैविकांइतका प्रतिकार बळावणार नाही, अशी त्यात आशा व्यक्त केली आहे. बॅसिलसच्या काही जातींचे लॅक्टोनेज हे विकर (एन्झाइम) असे रेणू तोडते. या ‘क्वेंचिंग’ला ‘शमन’ चालेल का?

खारजमीन : शमन तहानेचे, रागाचे. शिवाय हार्वेयी तीन प्रकारचे संदेश-रेणू वापरतो आणि लॅक्टोनेज त्यांतला एकच तोडते, एवढे तरी पत्रकात येऊ द्या. नाहीतर संवर्धक ‘शमन’ वाचून निर्धास्त होतील.

जांभा : मग सरळ ‘संदेशतोड’ लिहा.

फोंडेकर : ‘तोड’ला तोडगा असाही अर्थ आहे, त्यामुळे वाचक संदेशावरचा उपाय समजेल. आणि ताई, गोव्यातल्या पत्रकात ‘कोळंबी’ कशासाठी? आपण सगळे सुंगटेच म्हणतो ना?

खारजमीन : शुद्धतेचा आग्रह आता कुठे गेला, सर?