पांढरा वेली गुलाब माजलाय, फुलं फक्त शेंड्याला

जुळे सोलापूरचं अंगण:
नमस्कार मंडळी. पश्चिमेच्या कंपाउंडला क्लाइंबिंग आइसबर्ग लावलाय. पावसाळ्यात असा माजला की फांद्या सरळ गच्चीच्या कठड्याला टेकल्या. फुलं मात्र शेंड्यालाच, आणि एकदा झुबके येऊन गेले की बरेच दिवस काही नाही. नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेजारच्या काकू म्हणतात, गुडघ्याएवढा छाटून टाक. छाटू का? सासूबाईंना देवाला हीच फुलं लागतात.

होटगी रोड:
ताई, कात्री लावू नका! हा गुलाब माझा फार लाडका, म्हणून सविस्तर लिहितो. मूळ आइसबर्ग हा जर्मनीतल्या कोर्डेस यांचा झुडपी गुलाब, १९५८ चा. त्याच्याच एका फांदीनं वेलीचं वळण घेतलं, ती तुमची जात १९६८ ची. हिला बुंध्याशी छाटलं तर कधीकधी पुन्हा झुडूपच होऊन बसते.

फांदी उभी असली की सगळा जोर शेंड्याच्या डोळ्याला (कोंब फुटतो त्या जागेला) जातो, खालचे डोळे झोपून राहतात. तीच फांदी ग्रिलवर आडवी बांधा. मग पेरापेरातून वीतभर काड्या फुटतात आणि प्रत्येकीच्या टोकाला झुबका येतो. कोवळ्या, लवचीक फांद्याच घ्या, थोड्या थोड्या वाकवा, सुतळी सैल बांधा. जुनी जाड फांदी कटकन मोडते. झुबका सुकला की एका देठावर पाच छोटी पानं असलेल्या पहिल्या भरदार पानाच्या वर कापा, बिया धरू देऊ नका. मग सहा-सात आठवड्यांत पुढचा बहर येतो. ऑक्टोबरात फक्त वाळकं आणि अगदी जुनं लाकूड काढा.

पानांचं कारण बहुतेक आपली चुनखडीची जमीन आणि बोअरचं जड पाणी. जमिनीत लोह असतं, पण मुळांना घेता येत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह द्या, शेणखत घाला, आळ्यात पाणी तुंबू देऊ नका. काळ्या मातीत तुंबलं की पिवळेपणा आणखी वाढतो.

एप्रिल-मे मध्ये पश्चिमेचं ऊन भाजून काढतं. बुंध्याशी उसाच्या पाचटाचा जाड थर द्या आणि सकाळी पानांच्या खालून पाण्याचा फवारा मारा, म्हणजे लाल कोळी ही कीड आटोक्यात राहते. त्या दिवसांत फुलं लहान आणि कमीच येतात, खत वाढवून काही होत नाही.

विजापूर रोड गच्ची:
दादांनी नीट सांगितलंय. एक बघा ताई: कठड्यापर्यंत गेलेली फांदी कलमाच्या गाठीखालून तर निघाली नाही ना? ती खुंटाची, म्हणजे ज्या दुसऱ्या गुलाबावर कलम बांधलंय त्याची असते. नुसती वाढते आणि कलमाचं अन्न खाते.

जुळे सोलापूरचं अंगण:
आत्ताच माती उकरून पाहिली. सगळ्यात उंच फांदी गाठीखालचीच आहे! बाकीच्या तीन वरच्या आहेत. खालची कापू की उपटू?

विजापूर रोड गच्ची:
कापली तर पुन्हा फुटेल. मुळाशी जिथून निघालीय तिथपर्यंत माती काढा आणि खाली ओढून बुडासकट उपटा. वरच्या तिन्ही आजच आडव्या बांधा.