लोटस एलानच्या बॉडीवरचे तडे: वरून भरावेत की मुळापासून काढावेत?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे १९६५ सालची लोटस एलान, सिरीज २, आहे आणि ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम मी हाती घेतले आहे. तिची बॉडी फायबरग्लासची, म्हणजे रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या द्रव प्लॅस्टिकमध्ये) बसवलेल्या काचेच्या धाग्यांची आहे. फायबरग्लासवर रंग काढण्याचे रसायन वापरले तर ते रेझिनलाही मऊ करते, हे वाचल्यामुळे मी जुने थर ब्लेडने खरवडून काढत आहे. पुढच्या चाकांच्या वरच्या भागात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले, तर बोनेटच्या पुढच्या कडेजवळ तीन-चार समांतर रेषा आहेत. एका ठिकाणी जुन्या पुट्टीचा सुमारे चार मिलिमीटर जाडीचा तुकडा अखंड निघून हातात आला, आणि त्याच्याखाली मूळ तडा जसाच्या तसा होता.

बॉडी हाताला भक्कम लागते. असे असताना हे तडे चांगल्या प्रतीच्या पुट्टीने भरून रंग दिला तर टिकेल का, आणि या कामासाठी बॉडी चॅसीवरून उतरवणे खरोखर आवश्यक आहे का?

पहिले उत्तर

आपल्या हातात आलेल्या त्या तुकड्यातच पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. पुट्टीत काचेचे लांब धागे नसतात, त्यामुळे ती पोकळी भरते पण तुटलेल्या दोन कडा एकमेकींना बांधत नाही, आणि गाडी चालताना बॉडी लवली की तोच तडा पुट्टीतून आणि रंगातून पुन्हा वर येतो.

आधी तडा किती खोल आहे ते पाहावे. सर्वांत वरचा जेलकोट म्हणजे धाग्यांविना रेझिनचा पातळ थर असतो. तो ठिसूळ असल्यामुळे त्याच्याखालचा थर शाबूत असतानाही तो तडकू शकतो. म्हणून चाकाच्या खोबणीतला चिखल व जुना काळा लेप पूर्ण काढून मागच्या बाजूने बॅटरीचा प्रकाश टाकावा. तिथे पांढुरका डाग दिसला तर धागे रेझिनपासून सुटले आहेत असे समजावे. नाण्याने हलके ठोकून पाहिले तर निरोगी भागातून खणखणीत आवाज येतो आणि थर सुटलेल्या भागातून बद्द आवाज येतो. जाळ्यासारखा तडा बहुधा आतून बसलेल्या दगडाच्या फटक्याचा असतो, तर समांतर रेषा सतत लवण्यामुळे पडतात. त्यामुळे बोनेटच्या बाबतीत ते कुठे अडते किंवा ओढले जाते ते आधी शोधले पाहिजे, नाहीतर दुरुस्ती कितीही उत्तम केली तरी रेषा परत येतील.

थर तुटलेला असेल तर तडा घासून उथळ उतार करावा लागतो. साधारण नियम असा की जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे बारा मिलिमीटर रुंदी घ्यावी, म्हणजे तीन मिलिमीटरच्या कातडीला तड्याच्या दोन्ही बाजूंना छत्तीस मिलिमीटर. हा उतार पाहून मन कचरते, पण नवा थर जुन्याला जितक्या मोठ्या पृष्ठभागावर चिकटेल तितकाच जोड टिकतो. घासण्याच्या आधी ॲसिटोनने पुसून घ्यावे, कारण मेण किंवा तेल राहिले तर काचपेपर ते ओरखड्यांत दाबून बसवतो. शक्य असेल तिथे मागून दोन थर देऊन मगच पुढून भरावे.

पॉलिएस्टर रेझिन वापरणार असाल तर हार्डनर साधारण एक ते दोन टक्के, बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रमाणातच मोजून घालावा. जास्त घातल्याने थर अधिक मजबूत होत नाही, उलट तापून स्वतःच तडकतो. इपॉक्सी वापरणार असाल तर विणलेले कापड घ्यावे, कारण नेहमीच्या मॅटमधले (न विणलेल्या, विखुरलेल्या काचधाग्यांच्या चादरीतले) धागे धरून ठेवणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीमध्ये विरघळत नाही. इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर नीट धरत नाही, त्यामुळे निवड सुरुवातीलाच करावी. कोबाल्टचा ॲक्सिलरेटर (रेझिन लवकर घट्ट करणारे द्रव्य) वेगळा मिळाला असेल तर तो आणि हार्डनर कधीही थेट एकत्र करू नयेत, त्यातून स्फोट होतो. काचेची धूळ आणि रेझिनची वाफ यांसाठी योग्य फिल्टरचा मास्क घालावा, साधा रुमाल चालणार नाही.

दुरुस्तीनंतर रंगाची घाई करू नये. रेझिन पूर्ण पक्के होण्याआधी रंग दिला तर काही महिन्यांनी धाग्यांची वीण आणि दुरुस्तीची कड रंगातून उमटते.

दुसरे उत्तर

बॉडी उतरवावीच, असे माझे स्पष्ट मत आहे. १९५७ साली आलेल्या लोटस एलीटची संपूर्ण बॉडीच फायबरग्लासची भारवाहक रचना होती, परंतु १९६२ च्या एलानमध्ये सगळा भार दोन्ही टोकांना फाटे फुटलेल्या पोलादी कण्यावर, म्हणजेच चॅसीवर, आहे. बॉडीला गंज लागत नाही, म्हणून खालच्या पोलादाकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही.

पुढचे सस्पेन्शन ज्यांना जोडलेले असते त्या चॅसीच्या उभ्या बुरुजांत पाणी निघण्यासाठी असलेली छिद्रे चिखलाने बुजतात आणि पोलाद आतून कुजते. माझ्या गाडीत बाहेरचा रंग चकचकीत होता, तरी स्क्रूड्रायव्हर टेकवून थोडा जोर दिल्यावर त्याचे टोक सरळ आत गेले. चॅसीचा पुढचा आडवा भागच वर येणाऱ्या आणि आत मिटणाऱ्या हेडलाइट्ससाठी व्हॅक्यूमची टाकी म्हणून काम करतो, त्यामुळे दिवे वर टिकत नसतील तर तिथला गंज आधी तपासावा.

उतरवताना बोल्टवर एकदम जोर लावू नये. ते ज्या धातूच्या बॉबिनमध्ये (आटे असलेल्या छोट्या नळकांडीत) बसतात ती फायबरग्लासमध्येच पक्की केलेली असते, आणि गंजलेला बोल्ट फिरवला की बॉबिनच सुटून बोल्टबरोबर गरगर फिरू लागते. काही दिवस भेदक तेल सोडत राहावे. उचलण्याआधी दारांच्या जागी आडवे टेकू बांधावेत आणि बॉडी तिच्या मूळ आधारबिंदूंवरच ठेवावी, नाहीतर ती हळूहळू वाकते. दारांच्या फटी मात्र बॉडी पुन्हा चॅसीवर आवळल्यानंतरच जुळवाव्यात.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल मागून पाहिले तेव्हा डाव्या चाकाच्या वर तळहाताएवढा पांढरा डाग मिळाला, आणि उजव्या बुरुजात स्क्रूड्रायव्हर दोन ठिकाणी आत गेला. बॉडी उतरवत आहे. मागचे दिवे मंद लागतात आणि इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवाही लुकलुकतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

तिसरे उत्तर

तड्यांशी नाही, पण फायबरग्लासशी नक्कीच आहे. पोलादी बॉडीत परतीचा प्रवाह पत्र्यातून जातो. फायबरग्लासमधून वीज वाहत नसल्याने प्रत्येक दिव्याला स्वतंत्र अर्थची वायर लागते. ती गंजली किंवा सुटली की प्रवाह शेजारच्या दिव्यातून वाट काढतो, म्हणून एक लावला की दुसरा लुकलुकतो. अर्थच्या सर्व वायरी नव्या टाकाव्यात, इंजिन आणि चॅसी यांमधली जाड पट्टीही तपासावी, आणि हे काम बॉडी टेकूंवर असतानाच उरकावे, कारण ती परत बसल्यावर कण्याजवळच्या जोडांपर्यंत हात पोहोचत नाही.